मुलगी नाही, मत

साउथ कॅरोलायनातल्या त्या चर्चच्या हॉलबाहेर, पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारांची रांग लागली होती. व्हर्नाच्या केस गेलेल्या डोक्यावर रुमाल होता. पुढचं म्हातारं जोडपं तिला ओळखत नव्हतं.

"होबार्ट देवमाणूस आहे, मर्ल," बाई नवऱ्याला म्हणाली. "रविवारी पोरांना बायबल शिकवतो."

"आणि नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत आपटी खाईल. मग गर्भपात बंद करणार कोण? निवडून येईल तो टॉलिव्हरच."

"अरे, बायकोला कॅन्सर झाल्यावर टाकली त्यानं! असल्याला आपली मुलगी दिली असतीस?"

"मुलगी नाही, मत देतोय."

"पास्टरांना काय तोंड दाखवू?"

"तेच म्हणाले, देव वाकड्या काठीनंही काम करून घेतो."

"बरं बाबा. टॉलिव्हर तर टॉलिव्हर."

एवढं बोलून बाई मागे वळली आणि व्हर्नाचा रुमाल पाहून कळवळली.

"अगं बाई, या, आमच्या पुढे उभ्या राहा. नाव सांगा, रोज प्रार्थना करीन तुमच्यासाठी."

"व्हर्ना."

"आडनाव?"

"टॉलिव्हर. अजून तेच लावते."

बाईचा हात व्हर्नाच्या खांद्यावरून हळूच खाली आला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मर्लनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"एडना, रांग सरकली. चल पुढे."

एडना गेली.