हे गावलं

हसा लेको, पण बायबलच्या भाषांतरात मी खरोखर 'हे' या शब्दापाशी अडलो होतो. योसेफाला विकून टाकल्यावर भाऊ त्याचा रक्ताने भरलेला झगा बापापुढे धरतात आणि मूळ हिब्रूत म्हणतात, "हे सापडलं." झग्याचं नाव नंतर येतं. आमचा सहकारी अडून बसला, "'हा झगा सापडला' असं स्पष्ट लिहा."

आमच्या कामात मसुदा गावात वाचून दाखवतात, आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा असतो. म्हणून पूर्णगडला मुसलमान मोहल्ल्यातल्या जुलेखाखालांच्या पडवीत बसून वाचला. म्हटलं, "आता तुम्ही सांगा."

त्या म्हणाल्या, "माझा मुश्ताक दर्यात बुडाला, तेव्हा होडीच्या तांडेलानं त्याचा शर्ट आणून पुढं धरला. शर्टाचं नाव नाय घेतलं. 'हे गावलं' म्हणाला आणि खाली बघत राहिला."

मला त्यांच्या मुलाचं ठाऊकच नव्हतं. मी कागद मिटायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

"मिटू नको. तुमचा योसेफ म्हणजे आमच्या कुराणातला यूसुफच. तो शेवटी जिता असतो ना?"

"असतो, खाला."

"मग तेवढंच वाच."