खोडलेला आकडा

वडवणीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी आशाताई बसल्या होत्या.

"वनमाला, एवढी कावून घाबरलीस?"

"आक्का, ते नवं पेन दिलंय ना आपल्याला? त्या ठिपक्याच्या वहीत लिहिलं की कॉम्प्युटरात जातंय ते?"

"लई चांगलं हाय की. दोनदा लिहायचं वाचलं."

"त्यानं मी बंकटभाऊच्या सुनंचं वय लिहिलं. सोळा. पोटुशी हाय ती. सासू पाया पडली, म्हणली पोरगा जेलात जाईल. मग सोळा खोडून एकोणीस केलं."

"मग झालं की. वहीत एकोणीसच दिसंल."

"वहीत दिसंल. पर पेनाला खोडलेलं बी कळतंय, आक्का. आधी काय लिहिलं, कवा खोडलं, समदं वर जातंय. काल मीटिंगमधी सायबांनी सांगितलं."

"आगं बाई! तुजं नाव तर न्हाई घेतलं?"

"न्हाई. पर आज मला एकटीलाच बोलावलंय बीडला."

"कुणापशी बोललीस का?"

"न्हाई. सकाळी माफीचा अर्ज लिहिला. समदं खरं, सासूच्या नावासगट. मग भ्या वाटलं, चुलीत घातला."

"बरं केलंस. पुरा जळला ना?"

"राख झाली."

"कागद कुठला होता?"

"त्याच वहीचा फाडलता."

"अन् पेन?"

बीडची गाडी लागली. मागच्या बाकावरून कोणीच उठलं नाही.