व्हर्जिलची तीस काडतुसं

...नाही, पण मी म्हणतो, तीन सेकंद? तीन?? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या व्हर्जिलला कोटाचं एक बटण लावायला त्याहून जास्त वेळ लागायचा! आणि त्या माणसाचा शेवटचा निरोप तीन सेकंदांत उरकला कुणी? मी! डेलनं! त्याच्या तीस वर्षांच्या दोस्तानं!

झालं काय, सांगतो. इथं नेब्रास्कातल्या आमच्या नेमबाजी क्लबाचं एक पत्रक निघतं, त्यात आम्ही दोघं रायफलींच्या नव्या चापांची परीक्षणं लिहायचो. मी वजनकाटा लावून चाप दहादा ओढायचो, सरासरी काढायचो, आकडे मांडायचो. हा काय करायचा? एक गोळी झाडायचा. मग थर्मासमधली कॉफी ओतायचा. मग ढगांकडे बघत बसायचा... मी ओरडायचो, "अरे बाबा, मत लिही की!" तर त्याचं आपलं बैलगाडीच्या चालीनं, "घाई... कसली आहे... लेका?" पत्रक छापायला गेलं, तरी घाई कसली आहे! डॉक्टर म्हणाले, पोट तपासून घ्या... घाई कसली आहे! तेवढी एकदा करायला हवी होती हो घाई. तेवढी एकदाच.

तो गेला तेव्हा परीक्षणाला होता एक जलद चाप. म्हणजे काय, तर गोळी सुटली की हा दीडशहाणा आपणहून तुमचं बोट पुढं ढकलतो आणि पुन्हा तयार! तुम्ही नुसतं दाबत राहायचं, रायफल शिवणयंत्रासारखी चालते. बसवला होता व्हर्जिलच्याच रायफलीत. त्यावरचं त्याचं मत? राहिलंच.

आणि शेवटची इच्छा ऐका! आमच्याकडं काही लोक करतात असं, मेल्यावर आपली राख काडतुसांत भरून घेतात. त्याची बायको अर्लीन डबा घेऊन आली. "तीस आहेत, डेल. तुमच्या दोस्तीच्या वर्षाला एक. एक झाडायचं, मग कुणीतरी त्याची आठवण सांगायची, मग दुसरं. सावकाश." सावकाश म्हणाली हो ती! रेंजवर पन्नास माणसं, खुर्च्या मांडलेल्या, रुबार्बच्या आंबटगोड पाई झाकून ठेवलेल्या, पाद्रीबुवा चार कागद लिहून आलेले. दुपार जाणार होती सगळी.

पहिली गोळी माझी. तीसही काडतुसं एकदम भरून रायफल खांद्याला लावली, तर पट्ट्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास... डोळे भरले. आता चाळीस वर्षांची सवय काय? सुरक्षेचा खटका थांबेपर्यंत खाली ढकलायचा, की रायफल तयार. पण या मेल्याला साध्या घराच्या पुढं आणखी एक घर आहे, जलद! मला ठाऊक नव्हतं? अहो, मीच कच्च्या टिपणात लिहिलं होतं तसं, ठळक अक्षरांत! चाप ओढला आणि रडू फुटलं. आणि रडताना माणूस हात सैल सोडतो का? घट्ट धरतो हो, घट्ट! त्या चापाला तेच तर हवं असतं...

तडतडतडतड!

गेला व्हर्जिल. सगळा. पाद्रीबुवा अजून चष्मा पुसत होते.

मग अर्लीन म्हणाली, "उभ्या जन्मात हा माणूस इतक्या लवकर कुठून निघाला नव्हता." आणि हसली. आणि हसता हसता जी रडायला लागली... मी तोंड कुठं लपवू, सांगा?

रायफल उघडून बघतो, तर एकोणतीस गेलेली आणि तिसावं आडवं होऊन अडकलेलं! अर्लीननं ते तळहातावर घेतलं, डोळे पुसले. "हा खरा आमचा." म्हणाली, आणि माझ्या खिशात घातलं.

परीक्षण लिहिलं मी. वेग, पाचपैकी पाच. अडकणं, तिसांत एक. दोष चापाचा नाही, व्हर्जिलचा. त्याच्या मताची चौकट मात्र कोरी. पत्रकवाले रोज फोन करतात, ती भरा म्हणून.

आणि चर्चबाहेर लोक विचारतात, "काय डेल, ते शेवटचं कधी झाडतोस?" जातो हो मी. दर शनिवारी जातो. जुना चाप परत बसवलाय. काडतूस भरतो, नेम धरतो, बोट ठेवतो... मग काडतूस बाहेर काढतो, थर्मास उघडतो, दोन कप कॉफी ओततो.

घाई कसली आहे?