राऊतकाकांच्या पुढ्यात पडलेलं अंडं

अगं, आमच्या बाबांना स्वस्थ बसवत नाही म्हणते ना मी, तर तुळिंजला राहायचो तेव्हाचं ऐक. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या स्पर्धेत शाळेच्या गच्चीवरून मला अंडं खाली टाकायचं होतं, न फुटता, घरातल्याच वस्तूंत बांधून. टेन्शन मात्र बाबांना. उशीतला कापूस, नारळाचा काथ्या, पावाची पिशवी, काय काय गुंडाळून ते गॅलरीतून अंडी टाकत सुटले. सगळी फुटली.

"एक तरी ठेवा हो भाजीला!" आई ओरडली.

तेही बाबांनी टाकलं, पावाच्या पिशवीचं पॅराशूट करून. पिशवी वाऱ्यावर तरंगत थेट तळमजल्याच्या राऊतकाकांच्या पुढ्यात! काका सोसायटीचे सेक्रेटरी, गळ्यात माळ, अंड्याचा वासही चालायचा नाही. पुडकं घेऊन ते वर आले.

"काका, माफ करा," बाबा म्हणाले.

"ते राहू द्या. फुटलं का बघा आधी."

बाबांनी सोडून पाहिलं. अंडं शाबूत! काका तडक खाली गेले. आता हे मीटिंग लावणार म्हणून बाबा येरझाऱ्या घालायला लागले. तेवढ्यात काका किल्ली घेऊन परत आले.

"गॅलरीतून काय टाकताय? गच्चीवर चला. फक्त आमच्या हिला कळू देऊ नका."