खजूरच्या हौदावरचं जाळं

(सकाळ. रफिकच्या घरामागची वाडी. विहिरीला लागून कपडे धुवायचा जुना हौद. त्यात आता एक कासव राहतं, आणि हौदावर मासेमारीचं जाळं ताणून बांधलेलं आहे.)

रफिक : हे एकट्याचं काम नाही, झुबेदा. इथे बघ, हा कुत्र्याचा पंजा. आणि हा बोटं फाकलेला, हा उदमांजराचा. चारी बाजूंनी चिखल तुडवलाय.

झुबेदा : म्हणजे उरूसच भरला म्हणायचा. कासव जिवंत आहे का ते सांगा आधी.

रफिक : आहे. तळाला जाऊन बसलाय, मान काढत नाही. खजूर, ए खजूर. बघ, मी आलोय.

झुबेदा : माझ्याशी इतक्या गोडीनं कधी बोललात?

रफिक : तू कधी तळाला जाऊन बसलीस?

झुबेदा : पुरे. वर घ्या त्याला, पाठ बघू द्या.

रफिक : हे बघ, कडेला दात लागलेत. परवाचा ओरखडा हा, आणि हा नवीन. या कोपऱ्यात जाळं फाडून तोंड घातलंय कुणीतरी.

झुबेदा : शुक्रवारी यशरा येतेय पुण्याहून. आपल्याला सलाम नंतर, आधी इथे येणार. फोनवर काय म्हणाली ते लक्षात आहे ना?

रफिक : आहे.

झुबेदा : “अब्बा, तुम्हाला राखायला जमत नसेल तर मी खजूरला पनवेलला ठेवते. मैत्रिणीकडे काचेची पेटी आहे.”

रफिक : काचेची पेटी. तो काय शोकेसमधला कप आहे? आणि जमत नसेल म्हणजे काय? कुवेतला मी एवढाल्या टाक्यांना कुंपणं घातली.

झुबेदा : त्या टाक्यांना चावायला कुत्री येत नव्हती. इथे तर शेजारी दिनानाथनं होमस्टे काढल्यापासून खरकट्यावर कुत्र्यांची फौज पोसली जातेय. आणि तुम्ही काय केलंत? आधी लुकलुकणारे दिवे लावलेत. वाडी अशी चमकली की दुसऱ्या दिवशी बायका विचारायला आल्या, यशराचं ठरलं का म्हणून.

रफिक : दिव्यांना जनावर बिचकतं. मी वाचलं होतं.

झुबेदा : मग रेडिओ. माणसाचा आवाज ऐकून कुत्री फिरकणार नाहीत म्हणालात. सकाळी बघते तर काळा कुत्रा रेडिओला पाठ टेकून झोपलेला.

रफिक : पण त्या रात्री त्यानं कासवाला हात लावला नव्हता, हेही सांग.

झुबेदा : बातम्या ऐकत असेल. मग तुम्ही माणगावहून कोंबड्यांची जाळी आणलीत, ती कुत्र्यांनी वाकवली. आणि आता हे नीराबाई कोळणीचं जाळं. आधी निदान नुसती कुत्री यायची. हे बांधल्यापासून अख्खं रान येतंय.

नीराबाई : भाबी, हाय का कोण घरात? बोंबील आनलंय, अजून चमकतंय बगा. आन् रफिकभाऊ, माजं जाळं कसं हाय?

रफिक : ये नीराबाई. जाळं भक्कम आहे. पण जनावरं थांबत नाहीत.

नीराबाई : थांबत न्हाय? अवो, डोलीचं, बारीक विणीचं जाळं हाय ते. आमच्या धन्यानं होडीवर वापरलेलं. त्यातनं जवळा सुटत न्हाय, कुत्रा कुठनं जाईल?

झुबेदा : कुत्रा गेला नाही, त्याचं तोंड गेलं. बघ ही पाठ.

नीराबाई : अगं बाय. मंग तळ्यात सोडा की त्याला. सुखानं ऱ्हाईल.

रफिक : नाही जमत. दुकानातलं कासव आहे ते, इथलं नाही. यशरानं बजावून ठेवलंय, तळ्यात सोडलं तर तिथल्या जिवांचं खाणं हेच खाऊन टाकेल.

नीराबाई : तं रातचं घरात घ्या. त्यात काय मोठं?

झुबेदा : घरात नाही. मी सांगून ठेवलंय, हे ज्या दिवशी उंबरा ओलांडेल त्या दिवशी मी म्हसळ्याला माहेरी.

नीराबाई : एवढं काय केलंन बिचाऱ्यानं?

झुबेदा : बिचारा? यशरानं आणलं तेव्हा घरात मोकळं फिरायचं. मी नमाज पढतेय, सजद्यात आहे, आणि यानं मागून पायाचा अंगठा धरला. सोडेना. नमाज तोडावी लागली मला.

रफिक : यशरा म्हणते, अम्मीनं मेंदी लावली होती. त्याला गाजर वाटलं.

झुबेदा : घ्या त्याचीच बाजू.

नीराबाई : भाबी, थांबा जरा. ही मांजर बगा. माज्या पाटीवरनं गेली. पाटीत ताजं बोंबील, आन् ही वळून बगत न्हाय?

झुबेदा : आजारी असेल.

नीराबाई : आजारी कुठली? चालली बगा टुनटुन. जाळ्यावर चढली. आता काय करतेय?

रफिक : चाटतेय.

नीराबाई : काय चाटतेय?

रफिक : जाळं चाटतेय, नीराबाई. थांब, बघू दे मला. हट, उतर खाली. अरे देवा. झुबेदा, इकडे ये. प्रत्येक गाठीत जवळा सुकून बसलाय.

झुबेदा : बघू. या अल्लाह. हा बघा, बोंबलाचा तुकडासुद्धा आहे.

नीराबाई : पन मी देताना वास घेतलता. कायबी वास न्हवता.

झुबेदा : तुला कुठनं येणार? तुझं घर, तुझी पाटी, तुझं लुगडं, सगळं त्याच वासाचं. आणि मला तरी कुठे आला? माझ्या माळ्यावर सुकटीची पोती आहेत.

रफिक : मला आला होता.

झुबेदा : मग बोलला नाहीत?

रफिक : मला वाटलं, वाडीला छान घरचा वास येतोय. कुवेतला या वासासाठी जीव जायचा माझा.

झुबेदा : म्हणजे कासव राखायचं म्हणून तुम्ही गावच्या सगळ्या जनावरांना दावत दिलीत. वर दस्तरखान पण अंथरलात.

नीराबाई : माजंच जाळं, आन् माज्याच मासळीला मांजर विचारत न्हाय. घरी सांगते आता, धनी हसून मरंल.

रफिक : हसा. हसायचंच काम केलंय मी. पण शुक्रवारी पोरगी त्याला घेऊन जाईल, आणि तिचं काही चुकत नाही. मला खरंच जमलं नाही.

नीराबाई : येवढं काय मनाला लावून घेताव, भाऊ? कासव तं हाय.

रफिक : तुला नाही कळायचं, नीराबाई. उभी जवानी तिकडे घालवली. परत आलो तर हे घर मी पाठवलेल्या पैशांचं, पण मला त्यात चमचा कुठे ठेवतात ते माहीत नाही. यशरा पुण्याला. ही आपल्या कामात. रात्री झोप यायची नाही. पडवीतला दिवा कुणीतरी मालवायला विसरलेलं असायचं, त्या उजेडात इथवर यायचो. आणि हा मान वर काढून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, चला, कुणालातरी आपण आल्याचं कळलं.

नीराबाई : भाबी, बोंबील किती ठेवू?

झुबेदा : बोंबील ठेव दोन वाटे. आणि ऐक, तुमच्याकडे मासळीचे ते निळे टब असतात ना मोठे, तसा एक दे मला. पण नवा. ज्याला मासळी लागलेली नाही असा.

नीराबाई : कशाला?

झुबेदा : कपडे भिजवायला.

नीराबाई : कपडे. बरं. पोराच्या हाती धाडते.

*

झुबेदा : मगरिबची अजान झाली. कोंबड्या खुराड्यात गेल्या. तुम्ही अजून इथेच?

रफिक : जाळं सोडवून नीराबाईकडे पाठवून दिलं. आज इथेच खाट टाकतो. दांडा घेऊन बसलो की कोण येतं बघू.

झुबेदा : कुत्रा येणार नाही, पण सकाळी कंबर धरेल आणि ती मला चोळावी लागेल. उठा. उचला त्याला आणि पडवीत आणा.

रफिक : कोणाला?

झुबेदा : तुमच्या त्या अंगठेचाव्याला. निळा टब भरून ठेवलाय. मधे दगड ठेवलाय चढून बसायला, पाट्याचा फुटका तुकडा होता तो.

रफिक : आणि म्हसळा?

झुबेदा : उंबरा मधल्या दाराला आहे. पडवी उंबऱ्याबाहेर. मी म्हणाले होते उंबरा.

रफिक : हे आधी का नाही सांगितलंस? इतके दिवस मी दिवे काय, रेडिओ काय...

झुबेदा : तुम्ही विचारलंत कधी? दिनानाथला विचारलंत, नीराबाईला विचारलंत, त्या माणगावच्या दुकानदाराला विचारलंत. मी आपली तांदूळ निवडत बसलेली.

रफिक : विचारलं असतं, पण तू खरंच निघून गेली असतीस तर?

झुबेदा : म्हणजे कासवापेक्षा माझी किंमत जास्त आहे तर.

रफिक : थोडी.

झुबेदा : चला, नीट धरा. पाय मारतोय तो. हे बघा, रोज असंच करायचं. मी खुराडं लावते, त्याच वेळी त्यालाही पडवीत घ्यायचं. पडवीचं दार लावायचं, वर कडी. सकाळी ऊन आलं की परत हौदात. इतक्या कोंबड्या राखल्या मी, एक कधी उदमांजरानं नेली नाही. मला कुणी दिवे लावताना बघितलंय?

रफिक : आणि शुक्रवारी?

झुबेदा : यशराला मघाशीच फोन केला. म्हटलं, पनवेलला काही न्यायचं नाही, त्याची सोय घरी झालीय.

रफिक : काय म्हणाली?

झुबेदा : म्हणाली, अम्मी, तुझी तब्येत बरी आहे ना?

रफिक : झुबेदा, सकाळी मी नीराबाईसमोर जे बोललो...

झुबेदा : ऐकलं मी. तुम्ही आलात तेव्हा मलाही सुचायचं नाही हो, तुमच्याशी काय बोलावं. सगळा संसार फोनवर केलेला. माणूस समोर बसला की जीभच अडायची. म्हणून भांडी घासत राहायचे.

रफिक : मला वाटायचं, तुला मी आलेलो आवडलं नाही.

झुबेदा : आवडलं. आता सांगते, आवडलं. ठेवा त्याला पाण्यात. हळू.

रफिक : बघ, दगडावर चढला. मान काढली बघ.

झुबेदा : माझ्याकडे काय बघतोय? आज मेंदी नाही लावलेली. दार लावलंत?

रफिक : लावलं.

झुबेदा : कडी?

रफिक : घातली. दिवा मालवू?

झुबेदा : राहू दे. नवी जागा आहे त्याला. तुम्ही आलात तेव्हाही मी तो चालूच ठेवायचे.