जमुनाच्या अंगावरचं पित्त

(बोईसरमधला दवाखाना, १९९४. जमुना बाहेर बाकावर आत्याजवळ बसली आहे, तिचे आईवडील आत डॉक्टरांसमोर.)

डॉक्टर: पण ही रक्ताची तपासणी करायला तुम्हाला सांगितलं कोणी?

आत्माराम: कंपनीतले साहेब बोलले. त्यांच्या मुलाची मुंबईला केलेली. म्हटलं, आपल्या जमुनाचीपण करू. एकदाचं कळेल तरी.

डॉक्टर: आणि काय कळलं?

दमयंती: मासळी, कोलंबी, अंडं, दूध, समद्याची ॲलर्जी निघाली रक्तात. समदं बंद! पोर नुसता डाळभात चिवडते. हातापायांच्या काड्या झाल्यात.

डॉक्टर: अहो, तिला ताप आला, त्याच्यामागून अंगभर पित्त उठलं. लहान मुलांना होतं असं, नि बसतंही आपोआप. तेव्हाच म्हटलं होतं मी.

दमयंती: तुमी गोळी दिलीत नि म्हणालात, बसेल. कशानं उठलं ते नाय बोललात. पोरीचे डोळे सुजून मिटलेले. मी आमसुलाचं पाणी चोळत बसलेली. आयनं काय समजायचं?

डॉक्टर: बाहेर रांग होती हो! बरं, आता नीट आठवा. पित्त बसल्यावर, मुंबईचा रिपोर्ट यायच्या आधी, मासे खाल्ले होते तिनं?

दमयंती: खाल्ले ना. बोंबलाचं कालवण. वाटी चाटूनपुसून.

डॉक्टर: मग पित्त?

दमयंती: नाय उठलं.

डॉक्टर: दूध, अंडं, कोलंबी?

आत्माराम: तेबी चालू होतं. काय झालं नाय.

डॉक्टर: मग पोरीकडे बघायचं सोडून कागदाकडे काय बघत बसलात? मासे खुशाल पचवणाऱ्या मुलांच्या रक्तातही अशी खूण निघते. तेवढ्यावरून खाणं तोडतात का? आजपासून सगळं द्या तिला.

आत्माराम: म्हंजे आमी तिला उगाच सरावलीला ठेवली?

डॉक्टर: सरावलीला? ती कशाला?

आत्माराम: माज्या भयणीकडं. चिंचणीला आमच्या अंगणात बोंबील सुकतात. ही तर मासळीची टोपली घेऊन बाजारात बसते. म्हटलं, मासळीचा वारासुद्धा नको. ही भेटाया गेली की भयण आदी साबणानं हात धुवाया लावते, मग लांब बसवते.

डॉक्टर: कमाल करता, आत्माराम! आजच्या आज घरी न्या पोरीला. बाई, हाक मारा तिला. मीच सांगतो समजावून.

दमयंती: तुमीच मारा हाक. माज्याजवळ येत नाय ती. वास येतो म्हणते.