मला मेजर दाखवा

मी, पडदे शिवणारी, वय वर्षे एकोणचाळीस, धंदा लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापे घेणे व पडदे शिवून बसवणे, राहणार बाजाराच्या मागे, आमच्याच दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. घरात पती, आठ वर्षांची मुलगी व नणंद. आज बुधवारी दुपारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी नणंदेच्या मोबाईलमधला फोटो पाहून आम्हा दोघींना सांगितले की, काल बंगल्यावर आम्हाला दाखवलेला कुत्रा मला चावलेला कुत्रा नाही. मला चावलेल्या कुत्र्याचे नाव मेजर. तो ठेकेदारांच्या बंगल्यावर असतो. डॉक्टर त्याला पिल्लू असल्यापासून ओळखतात. त्याचा खालचा एक सुळा त्यांनी स्वतः काढलेला आहे. फोटोतल्या कुत्र्याचे सगळे सुळे जागेवर आहेत. मेजरला लस कधी दिली होती, असे नणंदेने विचारले. दोन वर्षांत तो कुत्रा दवाखान्यात आलेला नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर आम्ही घरी न जाता इकडे आलो.

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ठेकेदारांच्या पत्नीने मला वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची मापे घ्यायला बोलावले होते. मी एकटी गेले. मेजर दिवाणखान्यात टेबलाखाली पडून होता. त्याला बांधता का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "बांधला की रडतो हो. आणि दोन दिवस तो जरा मलूलच आहे, खातही नाही नीट. तुम्हाला काय करणार आहे?" मी वर गेले. कुत्रा मागून आला. शेवटून दुसऱ्या खिडकीचे माप घेऊन मी लोखंडी टेप सोडला, तो सटकन आत गेला, आणि कुत्रा चावला. तो आधी भुंकला नाही, गुरगुरला नाही. उजव्या हाताचा अंगठा व अंगठ्याखालचा तळवा त्याने धरला, तो लगेच सोडला नाही.

बाईंनी हात नळाखाली धरला, औषध लावले, पट्टी बांधली. त्या म्हणाल्या, "लस दिलेली आहे त्याला, सगळं वेळच्या वेळी असतं आमच्याकडे. दवाखान्यात गेलात तर उगाच पोटात सुया टोचत बसतील." मी विश्वास ठेवला. शेवटच्या खिडकीचे माप मी डाव्या हाताने घेतले व लिहून दिले. बाईंनी मेजरला दुसऱ्या खोलीत नेले.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, माप घ्यायला गेला होतात की देऊन आलात?" आम्ही हसलो. त्या दिवशी हसलो होतो.

शुक्रवारी हात सुजला. कात्री धरता येईना. पतीबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस कुठे होतात असे विचारले. मी कुत्र्याला लस दिलेली आहे असे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलीत देताना?" त्यांनी जखमेत एक इंजेक्शन दिले व दंडावर पहिली सुई दिली. पुढच्या सुयांच्या तारखा दिल्या. मग म्हणाल्या, "तो कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहू द्या. दहा दिवस धडधाकट राहिला तर तुम्ही सुटलात." न राहिला तर काय, असे मी विचारले नाही. माझ्या पतीने विचारले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

त्याच संध्याकाळी मी बंगल्यासमोरून गेले. मेजर फाटकाच्या आत फरशीवर पडलेला होता. मी त्याला नावाने हाक मारली. त्याने मान उचलली नाही, पण त्याचे पोट हलत होते. मी बराच वेळ बघत उभी होते.

शनिवारी नणंद मला तिच्या मैत्रिणीकडे घेऊन गेली. त्या वकील आहेत. त्या म्हणाल्या, "त्यांनीच कामाला बोलावलं, त्यांच्याच घरात चावला, बांधा म्हणून सांगितलं होतंत, बांधला नाही. औषधपाणी, बुडालेलं काम, हाताला झालेली इजा, सगळ्याची भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांना हात झटकता येणार नाहीत. फक्त कुत्रा त्यांचा होता हे दिसलं पाहिजे." त्यांनी नोटीस तयार केली. ती त्याच दिवशी बंगल्यावर पोचवली. नोटीस पाठवू नये असे माझे पती म्हणत होते. नणंदेने त्यांना, "दादा, तू अंगठा नसताना एक पडदा शिवून दाखव, मग बोल," असे सुनावले.

रविवारी फाटकाला आतून पत्रा लावलेला होता. आतले काही दिसत नव्हते. भुंकणे ऐकू आले नाही.

सोमवारी दवाखान्यात दुसरी सुई घेतल्यावर मी व नणंद बंगल्यावर गेलो. ठेकेदार बाहेर आले. मी म्हटले, "साहेब, मला फक्त मेजर दाखवा." ते म्हणाले, "नोटीस पाठवलीत ना? आता कुत्राही कोर्टातच बघा. टेप आपटून तुम्हीच डिवचलंत त्याला." मी रडले. मग त्यांनी आत नेऊन एक कागद पुढे ठेवला. फाटकाबाहेर रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्याने मला चावा घेतला व माझी ठेकेदारांविरुद्ध काही तक्रार नाही, असे त्यात होते. ते म्हणाले, "सही करा. माणुसकी म्हणून औषधाचं मी बघतो. आणि उद्या मेजर दाखवतो. शांतपणे झोपा."

मी पेन घेतले. पेन अंगठ्यात धरता आले नाही, म्हणून डाव्या हातात घेतले. तेवढ्यात नणंदेने कागद ओढला. ती म्हणाली, "कुत्रा तुमचा, दात तुमचे, आणि सही आमची? बरा हिशेब आहे." मी तिच्यावर ओरडले. असे मी तिच्याशी लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते. मी म्हटले, "वन्सं, मला भरपाई नको, मला कुत्रा बघायचाय." कागद तिने दिला नाही. तो आज येथे हजर केला आहे.

काल मंगळवारी ठेकेदारांचा फोन आला, कुत्रा येऊन बघा. आम्ही तिघे गेलो. त्यांनी गॅलरीच्या काचेमागे कुत्रा आणून दाखवला. रंग तोच, पट्टा तोच. पट्टा गळ्यात सैल होता. कुत्रा शेपूट हलवत होता, काचेला नाक लावत होता. ठेकेदार म्हणाले, "पटलं? उगाच गावभर बोंब." माझ्या पतीचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, "तोच आहे. चल घरी." मी हो म्हटले. नणंदेने फोटो काढला. घरी आल्यावर पती जेवले व गाढ झोपले.

मी हो म्हटले असताना आज जनावरांच्या डॉक्टरांकडे का गेले, असे विचारल्यावरून सांगते की, सोमवारी दुसऱ्या सुईच्या वेळी मी एकटीच रांगेत उभी होते. माझ्या पुढे ठेकेदारांचा ड्रायव्हर होता. त्याची बाही वर केलेली होती. मला पाहून त्याने तोंड फिरवले. सुई घेऊन बाहेर येताना तो माझ्याजवळ थांबला व म्हणाला, "ताई, सगळ्या सुया घ्या. एकही चुकवू नका." मी विचारले, "तुम्हाला पण चावला का?" तो म्हणाला, "चावला नाही. मी त्याला उचलला होता. माझं नाव कुठं घेऊ नका." त्याचे नाव मला माहीत नाही. त्याला मी ड्रायव्हर म्हणूनच ओळखते. कधी उचलला व कुठे नेला, हे मी विचारले नाही. तो निघून गेला.

हे मी सोमवारी कोणाला सांगितले नाही. नणंदेला आज सकाळी सांगितले. पतीला अजून सांगितलेले नाही.

आणखी काही त्रास होतो का, असे विचारल्यावरून सांगते की, हातात मुंग्या येतात. त्या जखमेमुळे येतात की कशामुळे, ते मला कळत नाही. शुक्रवारपासून मी रोज सकाळी उठल्यावर, पाणी गिळता येते का ते बघायला, एक पेला पाणी पिते. पती समोर उभे राहून बघतात व पेपर वाचत असल्याचे दाखवतात. आज सकाळी मी पाणी प्यायले. घशाला काही झाले नाही. माझा पेला मी वेगळा ठेवला आहे. मुलीला मी जवळ झोपवत नाही. ती आत्याजवळ झोपते. आपले काय चुकले, असे तिने आत्याला विचारले. तिला अजून काही सांगितलेले नाही.

तक्रार कशाबद्दल आहे, भरपाईबद्दल की कुत्र्याबद्दल, असे विचारल्यावरून सांगते की, दोन्ही. कुत्रा कुठे आहे व कसा आहे हे सांगणे ही मालकाची मेहेरबानी नाही, त्याच्या बदल्यात मी माझा हक्क सोडायची गरज नाही, असे मला येथे समजावून सांगण्यात आले. तरी सोमवारी पेन धरता आले असते तर मी सही केली असती. हे खरे आहे म्हणून सांगते. आता करणार नाही. पण आधी मला मेजर दाखवा.

उद्या सकाळी आपण जनावरांच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन बंगल्यावर जाणार आहात व ड्रायव्हरलाही विचारणार आहात, असे मला सांगितले आहे. मेजर जिवंत असला तर तो बांधून देखरेखीखाली राहील. नसला तर जिथे पुरला असेल तिथून काढून तपासणीला पाठवतील. उत्तर येईपर्यंत मी सुया चालू ठेवायच्या आहेत. परवा शुक्रवारी तिसरी आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी जसे बोलले तसेच त्यात आहे, कमीजास्त काही नाही. उजव्या हाताला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने करत आहे. वाचन चालू असताना मला पाणी देण्यात आले. मी ते पूर्ण प्यायले. हेही लिहा असे मी म्हटले, म्हणून लिहिले आहे.